अंगठ्याचा भाव

(माण तालुक्यातल्या तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. कविता रात्री म्हणू. आत्ता भर दुपारी मी एक तक्ता वाचणार आहे. तक्ता माझा नाही, सरकारनं छापलेला आहे. त्यात माणसाच्या अंगाचे तुकडे एकाखाली एक मांडलेत आणि समोर आकडे घातलेत. ऐका.

एका हाताचा अंगठा गेला : ३० टक्के. अंगठ्याशेजारचं बोट पुरतं गेलं : १४ टक्के. मधलं बोट : १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट : ७. एका हाताची चारी बोटं गेली : ५०. एक डोळा गेला, दुसरा शाबूत राहिला : ४०. दोन्ही हात गेले : १००.

अंगावर काटा आला ना? मलाही आला होता. हा तक्ता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला. इंग्रजाच्या राज्यात कायदा झाला, १ जुलै १९२४ पासून लागू झाला. शंभर वर्षं उलटून गेली. ह्या शंभर वर्षांत आपल्या वस्तीवर पोथी वाचणारा आला, मतदारयादी वाचणारा आला. हा तक्ता वाचणारा कुणी आला का? नाही आला. म्हणून अंगाचा भाव कायद्यात लिहिलेला असून आपलं अंग फुकट जातं. का फुकट जातं आणि ते कसं थांबवायचं, एवढंच सांगायला मी उभा आहे.

आपला हा मुलूख बघा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला. माणगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त. पाऊस पाठ फिरवतो आणि माणूस गाव सोडतो. कुणी कोयता घेऊन उसाच्या फडात जातो, कुणी विहिरीच्या यारीवर, कुणी गलाईच्या भट्टीवर परमुलखात, कुणी मुंबईत माथाडीत, कुणी माझ्यासारखा गोदीत. गावातनं जाताना दोन हात घेऊन जातो. येताना किती घेऊन येईल त्याची खात्री कुणाला नाही.

आमच्या टोळीत आपल्याच भागातला एक गडी आहे. नाव सांगत नाही, त्याचा अर्ज चालू आहे. गोदीबाहेरच्या एका यार्डात कंत्राटदाराकडं आम्ही कामाला होतो. साखळी ताणली गेली तेव्हा त्याचा हात मधे होता. उजव्या हाताचा अंगठा जाग्यावर गेला. मुकादमानं टॉवेल गुंडाळला, रिक्षात घातलं, आणि सरकारी दवाखाना वाटेत लागत असताना तो सोडून ओळखीच्या खाजगी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर लिहून घेतलं : घरी दारात हात सापडला. चौथ्या दिवशी मुकादम खाटेजवळ येऊन बसला. म्हणाला, "गड्या, मालक देवमाणूस हाय. वीस हजार देतोय. हितं अंगठा कर." उजवा अंगठा नव्हताच. मग डाव्याचा घेतला. कोऱ्या कागदावर.

आता हिशेब करू. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला पगार धरायचा तो जास्तीत जास्त १५ हजार. गडी पंचविशीचा. महिन्याच्या पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. त्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. वय २५ ला कायद्यातला आकडा आहे २१६.९१. गुणाकार झाला १९ लाख ५२ हजार १९०. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे त्यातले ५ लाख ८५ हजार ६५७ रुपये. तोच गडी मेला असता तर ६० च्या जागी ५० टक्के धरायचे, म्हणजे १६ लाख २६ हजार ८२५.

एकीकडं ५ लाख ८५ हजार ६५७, दुसरीकडं २० हजार. मधली रक्कम देवमाणसाच्या खिशात राहिली. आणि आमचा गडी घरी येऊन आईला म्हणतो, "मालकानं लई केलं बग." मित्रहो, लुटल्याचं दुःख मोठं आहेच. पण लुटणाऱ्याचे उपकार मानायची जी सवय आपल्याला लावलीय, ती मला जास्त डाचते. हजारो वर्षं शिळं तुकडं वाढणाऱ्याला आपण अन्नदाता म्हणत आलो. तीच जीभ आज कंत्राटदाराला देवमाणूस म्हणते. भरपाई म्हणजे भीक नव्हे, बक्षीस नव्हे, दया नव्हे. ते देणं आहे. वाण्याचं देणं असतं तसं.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो गोदीचा आहे आणि आपलाही आहे.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्या दिवशी ते दिल्लीच्या सरकारात मजूरमंत्री होते, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. इकडं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि सोन्याच्या विटा. आग लागली आणि दुपारी चारच्या सुमाराला जहाज फुटलं. अर्ध्या तासानं पुन्हा फुटलं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. तो आकडा नीट आहे, कारण त्यांची नावं सरकारी पटावर होती. त्यांच्या आठवणीत आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, आणि पाळायलाच पाहिजे. पण हमाल किती मेले? इतिहासाची पुस्तकं काढा. एकूण मेलेले कुठं आठशे, कुठं तेराशे, सगळीकडं 'सुमारे'. सोन्याच्या विटा मोजून जहाजात भरल्या होत्या. गोदीतला हमाल कुणी मोजला नव्हता.

हे 'सुमारे' लक्षात ठेवा. ज्याचं नाव पटावर नाही तो मेला तरी 'सुमारे' मरतो. भरपाई मागायला आधी तू होतास हे सिद्ध करावं लागतं.

बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. युद्धात जखमी होणाऱ्या कामगाराला मालकानं भरपाई द्यावी आणि त्यासाठी सक्तीनं विमा काढावा, असा कायदा १९४३ साली त्यांनी मजूरमंत्री म्हणून मांडला. कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला तेव्हाही मजूर खातं त्यांच्याकडंच होतं. त्यातूनच पुढं १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. त्याच १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईची योजना आली आणि गोदीतल्या हमालाचं नाव पहिल्यांदा पटावर चढलं. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि बाजारातल्या पाठीवर ओझं वाहणाऱ्याचंही नाव चढलं. हे कुणी ताटात वाढून दिलं नाही. संप झाले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा झालं. आणि आता? कंटेनर आला, यंत्र आलं, कंत्राटदार आला. कंत्राटदारानं पहिलं काम काय केलं असेल तर पटावरचं नाव पुसलं. आज आमची हजेरी मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असते. अपघात झाला की ती डायरी हरवते.

म्हणून सांगतो, आपली लढाई कोर्टात हरत नाही. ती अपघातानंतरच्या पहिल्या चार दिवसांत हरते. कोर्टाचं तोंड बघायच्या आधीच आपण केसपेपरवर आणि कोऱ्या कागदावर हरलेले असतो. तेव्हा ह्या चार दिवसांत काय करायचं ते ऐका. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं. दवाखान्यात जखमी माणसानं किंवा बरोबरच्यानं ओरडून सांगायचं : कामावर लागलंय. कुठल्या कामावर, कुणाच्या, किती वाजता. केसपेपरवर ते लिहिलं का ते वाचून बघायचं. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला उभं करायचं. जमेल तर सरकारी दवाखाना. आमच्या गड्याचं सगळं तिथंच अडलंय. 'घरी दारात' ह्या दोन शब्दांशी आम्ही आज झगडतोय.

दुसरं. तू तिथं कामाला होतास ह्याचा पुरावा. गेटपास, पगार बँकेत आला असेल तर पासबुक, पीएफचा नंबर, मुकादमानं फोनवर धाडलेला निरोप, कामावर काढलेला फोटो. हे अपघात झाल्यावर गोळा होत नाही. आजच करून ठेवा आणि एक प्रत गावाकडं धाडा. आणि शेजारी काम करणारे दोन गडी. त्यांची नावं, त्यांची गावं.

तिसरं. मालकाला लेखी कळवायचं. तारीख, वेळ, जागा, काय झालं. चार ओळी बास. पोचपावती घ्यायची, देत नसेल तर रजिस्टर पोस्टानं धाडायचं. नोटीस राहून गेली तरी दावा बुडत नाही, मालकाला अपघात दुसरीकडून कळला असला तर चालतं. पण आपण कशाला संधी द्या?

चौथं, आणि सगळ्यात मोठं. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. तक्त्यात ज्या अंगठ्याला ३० टक्के लावलेत तोच अंगठा ते शाईत बुडवून फुकट मागतात. कुणाचा आधीच गेला असेल तर त्यानंही घाबरू नये. भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार कायद्यानं रद्दबातल आहे. तडजोड करायची तर ती अधिकाऱ्यापुढं नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर तो नोंद नाकारू शकतो.

पाचवं. मुकादम म्हणंल, "तुजीच चूक हाय, तूच हात घातलास." म्हणू दे. हा कायदा चूक कुणाची ते विचारत नाही. कामामुळं आणि काम चालू असताना इजा झाली का, एवढंच विचारतो. दारू प्यायलेला असला, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकलं, तर मालकाला पळवाट आहे. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर तीही पळवाट बंद.

सहावं. कंत्राटदार म्हणंल, "माज्याकडं काय हाय?" ज्याच्या धंद्याचं काम कंत्राटदाराकडून करून घेतलं त्या मुख्य मालकाकडं भरपाई मागता येते. त्यानं ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. तो त्यांचा घरचा मामला.

सातवं. अर्ज दोन वर्षांच्या आत. उशीर झाला आणि कारण सबळ असलं तर तोही माफ होतो. आणि माणदेशातल्या माणसांनी हे कानात गच्च बसवून घ्यावं : अर्ज मुंबईलाच करायला पाहिजे असं नाही. १९९५ च्या दुरुस्तीपासून दावा करणारा जिथं राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडंही अर्ज करता येतो. मुंबईत मेलेल्या माणसाच्या बायकोनं पोराला कडेवर घेऊन मुंबईच्या चकरा मारायची गरज नाही. तिचा जिल्हा तिच्यासाठी आहे. अर्जदार निरक्षर असला तर त्याच्या मागणीवरून अधिकाऱ्यानं आपल्या देखरेखीखाली अर्ज लिहून द्यायचा, असंही कायद्यात आहे. वकील पाहिजेच असंही नाही. नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारी उभा राहू शकतो, आणि अधिकाऱ्यानं परवानगी दिली तर लेखी अधिकार दिलेला दुसरा माणूसही.

आठवं, बायाबापड्यांसाठी. माणूस मेला तर भरपाई मालकानं अधिकाऱ्याकडं जमा करायची असते. दीर, सासरा, पंच, पुढारी ह्यांच्या हातात दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही. जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम तेवढी वजा होते. "गावकीत मिटवू" म्हणणारा आला की त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणखी थोडं. नुसतं जायबंदी होऊन घरी बसावं लागलं, तरी दर पंधरा दिवसाला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के मिळायला पाहिजेत. दवाखान्याचा खरा खर्चही मालकाकडं. महिनाभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसलं तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. पगारातून ईएसआय कापत असतील तर मात्र दावा मालकावर नाही, ईएसआयकडं न्यायचा. तिथं कायमच्या अपंगत्वाला महिन्याची पेन्शन आहे.

आता कायद्याचं कातडं बदललंय तेही सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणंल की तुमचा कायदाच गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात गेला. कमिशनरच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. कलमांचे नंबर बदलले. अंगठ्याचा तक्ता, दोन वर्षांची मुदत, राहत्या जागी अर्ज, मुख्य मालकाची जबाबदारी, हे सगळं नव्या नंबरानं तिथं आहे. घरून कामावर जाताना आणि कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध असेल तर, तोही आता संहितेत स्पष्ट लिहिलाय.

हे शेवटचं वाक्य कुणाच्या जिवावर आलं? १९५७ साली बेस्टचा एक ड्रायव्हर ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसनं घरी निघाला आणि अपघातात गेला. बेस्ट म्हणाली, ड्यूटी संपली होती. त्याच्या विधवेनं सुप्रीम कोर्टापर्यंत झुंज दिली आणि १९६३ साली जिंकली. दुसरी बाई आपल्या मराठवाड्यातली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. नवरा साखर कारखान्यावर रखवालदार. पाळी पहाटे तीनची. २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवरून कामावर जाताना कारखाना पाच किलोमीटरवर असताना मेला. मागं बायको, चार लेकरं, म्हातारी आई. २००९ साली कमिशनरनं ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं. २०११ साली हायकोर्टानं ते काढून घेतलं. २९ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं परत दिलं. बावीस वर्षं! २००९ च्या दुरुस्तीनं दावा तीन महिन्यांत निकाली काढा म्हटलंय. लेकरं बापाविना वाढून आईबाप झाली असतील, तोवर कागद फिरत होता.

हे सांगितलं की लोक म्हणतात, मग कशापायी दावा करायचा? मी म्हणतो, ह्या दोन बायांनी तसं म्हटलं असतं तर आज ते वाक्य कायद्यात असतं का? ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला. मालक म्हणाला, एकच हात गेलाय, पूर्ण अपंग कसा? १९७५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून तो पूर्ण अपंग. तक्ता मांस मोजतो, ह्या सुतारानं कोर्टाला काम मोजायला लावलं.

आता जातीचं बोलतो. तक्त्यात जात लिहिलेली नाही. अंगठा सगळ्यांचा ३० टक्के. पण साखळीजवळ कुणाला उभं करायचं, गटारात कुणाला उतरवायचं, सुरुंग पेरलेल्या विहिरीत पहिल्यांदा कोण जाणार, हे जात ठरवते. गटारात गुदमरून मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ ला ३० लाख म्हटलं. रक्कम वाढली. उतरणाऱ्याची जात बदलली का? बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या कामगारांना दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. जखमेच्या ठिकाणी दोघं एकत्र भेटतात. एक म्हणतो, तुझ्या नशिबात होतं. दुसरा म्हणतो, हे घे वीस हजार.

भरपाईनं अंगठा उगवत नाही, हे मलाही कळतं. आपल्याला माणसं शाबूत पाहिजेत, भरपाई नको, अशी वेळ यायला पाहिजे. पण जोवर हात तोडणं मालकाला स्वस्त पडतं, तोवर तो साखळी बदलणार नाही. पाच लाख ८५ हजार द्यावे लागले तर तो पुढच्या वेळी नवी साखळी आणील. म्हणून एकाचा दावा हा मागच्या दहा जणांच्या हातांचा बचाव आहे.

तर पोरांनो, तुमच्यात दहावी झालेले, बारावी झालेले पुष्कळ आहेत. घोषणा देता येतात, चांगलं आहे. आता एक वही घाला. प्रत्येक वस्तीवर एक. गावातलं कोण बाहेर कामाला गेलंय, कुठं, कुणाकडं, मुकादम कोण, फोन नंबर काय, सगळं लिहा. गेटपासच्या प्रती त्यात चिकटवा. गेल्या दोन वर्षांत कुणाचं बोट, हात, डोळा, माणूस गेलाय ते घरोघर विचारा. आजच्या तारखेला मुदत किती उरलीय ते समोर लिहा. ज्यांची मुदत संपत आलीय त्यांच्या घरी आज रात्री, कवितांच्या आधी, जाऊन या.

१९४४ ला आपण 'सुमारे' मेलो. ह्यापुढं माणदेशातला एकही माणूस 'सुमारे' मरता कामा नये. त्याचं नाव, गाव, वय, पगार आणि तारीख आपल्या वहीत असली पाहिजे.

जयभीम.